शिंद्यांचे कंपू आणि इंग्रजांवरचा वचक

आम्ही ग्वाल्हेरचे मराठी लोक आपले गाव सांगताना पुष्कळदा ‘ग्वाल्हेर’ न म्हणता ‘लष्कर’ म्हणतो. नव्या पाहुण्यास ते ऐकून गंमत वाटते. आम्हांस त्यात काही विशेष वाटत नाही. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी पडली ती पुन्हा उठलीच नाही, राहुट्यांच्या जागी वाडे उभे राहिले आणि छावणीचेच शहर झाले, एवढी हकीकत जुन्या घरांतून मुलांना सांगितलेली असते. याच शहरात ‘कंपू’ नावाची वस्ती आहे. हा शब्द आपल्याकडे फिरंग्यांच्या तोंडून आला. कवायती पायदळाच्या तळास, आणि पुढे त्या फौजेसच, लोक कंपू म्हणू लागले. आजच्या मराठीत मात्र कंपू म्हणजे चारदोन जणांचे टोळके. आपापसांत कुजबुजणारे आणि बाहेरच्यास आत न घेणारे. हा अर्थपालट कसा घडला ते भाषेच्या अभ्यासकांनी सांगावे. पण १८०३ सालची कागदपत्रे वाचताना आमच्या मनात नेहमी येते की, या एका शब्दाने तरी इतिहासाशी इमान राखले.

या लेखात आम्हांस एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजी झाला आणि दुसरे इंग्रज-मराठे युद्ध ऑगस्ट १८०३ मध्ये सुरू झाले. मधली एकवीस वर्षे इंग्रजांनी मराठ्यांविरुद्ध शस्त्र उपसले नाही. त्यांची भूक मंदावली होती असे म्हणवत नाही. याच काळात त्यांनी टिपूशी दोन युद्धे करून म्हैसूर गिळले, निजामास अंकित केले आणि अयोध्येच्या नबाबाचा जवळजवळ अर्धा मुलूख घेतला. मराठ्यांच्या वाटेस मात्र ते गेले नाहीत. आणि गेले ते नेमके अशा वेळी की, मराठ्यांपाशी तोफा, बंदुका आणि शिकलेले पायदळ पूर्वी कधी नव्हते इतके होते. शस्त्रे थोडी असताना जे संकट दूर राहिले, ते शस्त्रे वाढल्यावर अंगावर का आले?

याचे उत्तर शोधण्यासाठी आधी पहिल्या युद्धाकडे वळले पाहिजे. जानेवारी १७७९ मध्ये राघोबादादांस पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी बोरघाट चढून आलेली इंग्रज फौज वडगावास कोंडली गेली आणि तिला मानहानीचा करार करून सुटका करून घ्यावी लागली, हे शाळेतल्या पुस्तकातही असते. पुढचा भाग आपण मराठी माणसे थोडा घाईने वाचतो. ऑगस्ट १७८० मध्ये कॅप्टन पॉफमने रात्रीच्या वेळी कड्याला शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. जो किल्ला अभेद्य म्हणून हिंदुस्थानभर प्रसिद्ध, तो एका रात्रीत गेला. पुढच्या वर्षी सिप्रीजवळ कर्नल कॅमॅकने खुद्द महादजींच्या छावणीवर छापा घालून त्यांस मागे रेटले. म्हणजे उत्तरेत मैदानावर इंग्रज सरस ठरत होते. तरीही तहाची निकड त्यांनाच अधिक होती.

कारण नाना फडणवीसांनी १७८० साली एक गोष्ट जुळवून आणली होती. पुणे दरबार, हैदरअली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांनी चारी बाजूंनी एकाच वेळी कंपनीवर उठावे, असा तो बेत. बेत पूर्णपणे पार पडला नाही. भोसल्यांची फौज कटकेपर्यंत जाऊन थबकली आणि हेस्टिंग्सने पैसे देऊन तिला शांत केले. निजामाला गुंटूरचा प्रांत परत करून बाजूला काढले. पण हैदर कर्नाटकात उतरला आणि सप्टेंबर १७८० मध्ये पोलिलूर येथे त्याने कर्नल बेलीची फौज नामशेष केली. मद्रास हादरले, मुंबईचा खजिना रिकामा, कलकत्त्यास दोघांचाही भार. अशा स्थितीत ग्वाल्हेर हाती असूनही हेस्टिंग्सला महादजींच्याच मध्यस्थीने तह करणे भाग पडले. साष्टी तेवढी इंग्रजांकडे राहिली, वसईसह बाकीचे परत करावे लागले आणि राघोबादादांस त्यांनी सोडून दिले. सालबाई हे गाव आमच्या ग्वाल्हेरपासून फार दूर नाही. तेथे या तहाची आठवण देणारे काही असावे असे आम्हांस वारंवार वाटते.

यातून महादजींनी जो धडा घेतला तो त्यांच्या पुढील कृतीतून दिसतो. पॉफम आणि कॅमॅक यांच्या थोड्या पलटणींनी काय केले ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १७८४ साली त्यांनी बन्वा द बॉयन या सॅव्हॉय प्रांतातील माणसास नोकरीत घेऊन दोन पलटणी उभारावयास सांगितले. १७८७ ला लालसोटच्या दुर्धर प्रसंगी या पलटणी टिकल्या. १७९० साली पाटण आणि मेडता येथे त्यांनी राजपुतांच्या घोडदळास हरविले. त्यानंतर फौज वाढत वाढत तीन ब्रिगेडींपर्यंत गेली. आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात. दुआबातील महाल या फौजेच्या खर्चासाठी तोडून दिले होते, त्यामुळे शिपायास पगार वेळच्या वेळी मिळे. मराठी लष्करात हे नवलच होते! जखमी शिपायांची शुश्रूषा होई आणि जायबंदी झालेल्यांस जमीन मिळे. फौजेचा कणा तोफेत असतो असे म्हणतात. आमच्या मते तो बक्षीच्या वहीत असतो.

तथापि कंपूंची ही वाढ निर्दोष नव्हती. या शिकलेल्या पायदळाची मोठी लढत कोणाशी झाली? १ जून १७९३ रोजी लाखेरी येथे, होळकरांशी. तुकोजी होळकरांनीही द्युद्रनेक नावाच्या फ्रेंचाकडून चार पलटणी तयार करवून घेतल्या होत्या. त्या लाखेरीस जवळजवळ समूळ कापल्या गेल्या. इंग्रजांच्या भयाने जी हत्यारे घडविली ती प्रथम भावाच्या छातीवर चालली. महादजींबद्दल आम्हां ग्वाल्हेरकरांच्या मनात जो भक्तिभाव आहे तो बाजूस ठेवून हे लिहिले पाहिजे, कारण पुढच्या दहा वर्षांत जे झाले त्याचे बीज येथे आहे. इंदूरच्या वाचकांस हे सांगावयास नकोच.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस वारले. तरीही आणखी एकदा सारे एकत्र आले. मार्च १७९५ मध्ये खर्ड्यास निजामाविरुद्ध शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन, सगळे पेशव्याच्या निशाणाखाली उभे होते. निजामाने इंग्रजांकडे मदत मागितली होती. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने ती दिली नाही. तटस्थतेचे कायदेशीर कारण त्याने पुढे केले, पण त्याच्या मनातले गणित लपून राहण्यासारखे नव्हते: एकजूट झालेल्या मराठ्यांशी आणि कदाचित टिपूशीही एकाच वेळी लढणे कंपनीस परवडणार नव्हते. ज्याला आपण वचक म्हणतो तो असा असतो. खर्ड्यास इंग्रजांवर एक गोळीही झाडली गेली नाही, तरी त्या दिवशी मराठ्यांनी इंग्रजांस एका अर्थी रोखून धरले.

हा वचक पुढे सात वर्षांत कसा ओसरला याची यादी करणे दुःखाचे आहे, पण तारखा समोर ठेवल्यावाचून कारणे दिसत नाहीत. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि गादीच्या वारसाचा घोळ सुरू झाला. सप्टेंबर १७९७ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेने पुण्यातच मल्हारराव होळकरांच्या छावणीवर हल्ला करून त्यांस ठार केले. १७९८ मध्ये सर्जेराव घाटग्याने पैशासाठी पुण्याच्या सावकारांचे व गृहस्थांचे जे हाल केले ते आजही वाचवत नाहीत. त्याच सुमारास महादजींच्या विधवा बाया आणि दौलतराव यांच्यात युद्ध पेटले. मार्च १८०० मध्ये नाना वारले. एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावाने विठोजी होळकरास हत्तीच्या पायी दिले. जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनीस शिंद्यांच्या पलटणी कापल्या आणि ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले. पुढच्या वर्षीच्या ऐन दिवाळीत, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, हडपसरला होळकरांनी शिंदे-पेशव्यांचा पराभव केला. बाजीराव पळून वसईस गेला आणि ३१ डिसेंबर रोजी त्याने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली.

कलकत्त्यास बसून ही वार्तापत्रे वाचणाऱ्या माणसास यातून काय दिसले असेल? शिंद्यांपाशी किती तोफा आहेत हे त्याला ठाऊक होतेच. त्या तोफा कोणाकडे तोंड करून उभ्या आहेत, हेही आता त्यास कळले.

बाजूचे आधारही एकेक करून गळाले होते. हैदराबादेस निजामापाशी रेमंड या फ्रेंचाने उभारलेले मोठे कवायती दळ होते. मार्च १७९८ मध्ये रेमंड वारला, सप्टेंबरात निजामाने इंग्रजांशी तह केला आणि ऑक्टोबरात ते सारे दळ रक्तपाताशिवाय निःशस्त्र झाले. पगार थकलेल्या शिपायांनी आपल्याच अधिकाऱ्यांस कोंडले होते, मग लढणार कोण! १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हा मराठे नुसते पाहत राहिले. वडोदऱ्यास आनंदराव गायकवाडांच्या दुबळ्या कारकीर्दीत गृहकलह आणि अरब शिबंदीची थकबाकी यांतून वाट काढण्यासाठी दरबाराने १८०२ सालीच कंपनीची फौज आणि मेजर वॉकर यांस घरात घेतले. त्या संकटात वडोदऱ्याच्या कारभाऱ्यांपुढे दुसरा मार्ग होता काय, यावर आम्ही घाईने निकाल देणार नाही. पण १७८० मध्ये जे चार दरवाजे इंग्रजांवर एकदम उघडणार होते, त्यांतील बहुतेक १८०३ पूर्वी आतून लावले गेले होते, एवढे खरे.

याउलट इंग्रजांची तयारी पाहण्याजोगी आहे. १८०० साली धोंडजी वाघाचा पाठलाग करण्याच्या निमित्ताने आर्थर वेलस्ली धारवाड-बेळगावच्या मुलखात महिनोगणती फिरला. पुणे दरबारानेच त्यास येण्याची मुभा दिली होती. धोंडजीने त्या सुमारास धोंडोपंत गोखल्यांना ठार केले होते, तेव्हा सूडाची इच्छा स्वाभाविक होती. धोंडजी १० सप्टेंबर १८०० रोजी मारला गेला. पण वेलस्लीच्या दृष्टीने त्या मोहिमेचा खरा लाभ निराळा होता. कोणती नदी पावसाळ्यात किती दिवस भरलेली असते, कोठे टोपल्यांच्या नावा लागतात, वैरण कोठे मिळते, कोणता सरदार पेशव्यावर रुष्ट आहे, हे सर्व त्याने पाहून ठेवले. म्हैसुरातून हाती आलेली अमृतमहालाची बैलांची पैदास त्याने रसदेस लावली. मार्च १८०३ मध्ये तो पुण्याकडे निघाला तेव्हा वाटेत पटवर्धन आणि बापू गोखले त्यास येऊन मिळाले. पुढे असईच्या मोहिमेतही गोखले आणि आप्पा देसाई निपाणकर यांचे स्वार त्याच्या बाजूस होते. २० एप्रिलला तो पुण्यात शिरला. त्याला वाट दाखविणारे आपलेच होते, ही गोष्ट सीमाभागातील आमच्या मित्रांस बोचेल. पण शिंदे-होळकरांनी पुण्याच्या मुलखात जे केले होते, त्यानंतर त्या सरदारांस इंग्रज कमी वाईट वाटले असतील तर नवल नाही.

दुसरीकडे शिंद्यांचे कंपू इंग्रजांस भय घालण्याऐवजी निमित्त पुरवू लागले होते. द बॉयन १७९५ च्या अखेरीस नोकरी सोडून गेला. जाताना त्याने दौलतरावांस असा सल्ला दिला होता की, इंग्रजांच्या मनात संशय येईल असे काही करू नये. प्रसंग पडल्यास कंपू मोडावेत, पण त्यांच्यासाठी इंग्रजांशी युद्ध ओढवून घेऊ नये. हा सल्ला भित्रा वाटतो. आम्हांसही प्रथम तसाच वाटला होता. पण त्यात एक मर्म आहे: शेजाऱ्यास संशय येईल एवढी शस्त्रे, आणि त्यास थांबवील एवढी एकी नाही, ही सर्वांत वाईट स्थिती. द बॉयनच्या जागी आलेला पेराँ हा फ्रेंच होता आणि अलीगडास बसून दुआबाचा कारभार पाहत होता. दिल्लीचा वृद्ध बादशहाही त्याच्याच ताब्यात. नेपोलियनच्या भयाने पछाडलेल्या लॉर्ड वेलस्लीस ‘यमुनेच्या काठी फ्रेंच राज्य’ वसत आहे असे विलायतेस लिहावयास याहून चांगले कारण कोणते मिळणार? वास्तविक पेराँला फ्रान्सपेक्षा आपल्या गाठोड्याची काळजी अधिक होती, हे पुढे दिसलेच.

१८०३ च्या उन्हाळ्यात दौलतराव बऱ्हाणपूरकडे तळ देऊन होते. इंग्रजांचा वकील कर्नल कॉलिन्स त्यांस वारंवार विचारीत होता की, वसईचा तह तुम्हांस मान्य आहे की नाही. मे महिन्यात त्यांनी उत्तर दिले की, नागपूरकर राजांची भेट झाल्यावर युद्ध होईल की सलोखा राहील ते कळवू. हे उत्तर दरबारी रीतीने खणखणीत खरे, पण आमच्या मते त्या वर्षातील सर्वांत महाग पडलेले वाक्य तेच. धमकी द्यावयाची तर ती पार पाडण्याची सामग्री हाती पाहिजे. आणि ती सामग्री हाती येईपर्यंत गोड बोलणे पाहिजे. दौलतरावांनी उलट केले. भोसले येऊन मिळाले. पण यशवंतरावांची समजूत काढणे तसेच राहिले आणि ते आपली फौज घेऊन माळव्याकडे निघून गेले. इंदूरच्या राखेवर सलोखा कसा व्हावा? कॉलिन्स ३ ऑगस्टला छावणी सोडून गेला. ८ ऑगस्टला आर्थर वेलस्लीने अहमदनगरची पेठ घेतली, १२ ला किल्ला.

त्याच महिन्यात गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतील ब्रिटिश प्रजाजनांस नोकरी सोडून येण्यास सांगितले आणि येतील त्यांच्या निर्वाहाची हमी घेतली. हा कागद शंभर तोफांच्या तोडीचा ठरला. जे आले ते आले. बाकीच्यांवरचा विश्वास उडून पेराँने स्वतःच कित्येकांस काढून टाकले. ४ सप्टेंबरला जनरल लेकने अलीगडचा किल्ला घेतला, तेव्हा आत जाण्याचा रस्ता दाखविणारा लूकन हा काही दिवसांपूर्वीपर्यंत शिंद्यांचाच नोकर होता. किल्ल्यातील शिपाई मात्र शर्थीने लढले. त्यांचा सरसेनापती पेराँ याने लेककडे सुरक्षित जाण्याची परवानगी मागितली; आपली चीजवस्त घेऊन तो कंपनीच्या मुलखात निघून गेला आणि पुढे फ्रान्समध्ये जमीनजुमला घेऊन सुखाने राहिला. ११ सप्टेंबरला दिल्लीसमोर लढाई झाली. ऑक्टोबरात आग्रा गेले आणि त्याबरोबर तोफांचा कारखानाही.

दक्षिणेत २३ सप्टेंबरला असई झाली. या लढाईबद्दल आपल्याकडे जी समजूत आहे, की इंग्रज आले आणि मराठी फौज पळाली, ती अगदी चुकीची आहे. पायदळाचे नेतृत्व पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाकडे होते. वेलस्लीस वाटाड्यांनी सांगितले की, कैलना नदीस जवळ उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिले, तर दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. एवढ्याशा अंतरावरची दोन गावे एकमेकांकडे जाण्याची वाट राखल्यावाचून राहणार नाहीत, या अनुमानावर त्याने फौज लोटली आणि उतार सापडला. आपली बाजू चुकवून तो आला हे पाहताच पोलमनने सारी फळी फिरवून त्याच्यासमोर उभी केली. इतक्या चपळाईने ही फौज तोंड फिरवील असे वेलस्लीच्या स्वप्नातही नव्हते. तोफांनी इंग्रजांची इतकी कत्तल केली की, ७४ व्या हायलंडर पलटणीत धडधाकट माणसे थोडीच उरली. मेलेले समजून ज्यांना ओलांडून इंग्रज पुढे गेले, ते गोलंदाज मागून उठले आणि त्यांनी पुन्हा तोफा डागल्या. इंग्रजांकडे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून पंधराशेंहून अधिक झाले. फौजेच्या मानाने हा आकडा भयंकर होता. पुढे वॉटर्लू जिंकलेला वेलस्ली म्हातारपणीही असईचे नाव काढीत असे. १ नोव्हेंबरला लासवाडीस लेकचीही तीच गत झाली; शिंद्यांचे गोलंदाज संगिनीने भोसकले जाईपर्यंत तोफा सोडत नव्हते, हे त्यानेच लिहून ठेवले आहे.

ज्यांच्या वंशात असे कोणी गोलंदाज असतील त्यांनी अभिमान बाळगावा. पण असईच्या दिवशी दौलतराव आणि रघूजी भोसले यांचे अफाट घोडदळ काय करीत होते, हा प्रश्न त्यांनी विचारावाच. बहुतेक सारे पाहत उभे होते आणि नंतर निघून गेले. २९ नोव्हेंबरला आडगाव झाले, १५ डिसेंबरला गाविलगड पडला. भोसल्यांनी देवगावास आणि शिंद्यांनी ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावास तहावर सही केली. युद्धास पाच महिनेही लागले नाहीत.

मराठ्यांनी गनिमी कावा सोडून कवायत स्वीकारली म्हणून ते बुडाले, असे एक मत मराठी इतिहासलेखनात फार दिवस चालत आले आहे. त्याचा उगम काही अंशी इंग्रज अधिकाऱ्यांच्याच लिहिण्यात आहे आणि त्या लिहिण्यात विजेत्याचा मतलबही असतो हे विसरू नये. २००३ मध्ये रँडॉल्फ कूपर यांचा या मोहिमांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी तोफखान्याच्या बाबतीत मराठे इंग्रजांच्या बरोबरीचे होते हे दाखवून, खरी झुंज शिपाई आणि अधिकारी यांच्या बाजारपेठेवर ताबा कोणाचा यासाठी होती असे मांडले. आम्हांस हे पटते. कंपनीची पत होती, सावकार तिला कर्ज देत. तिचा शिपाई पगाराच्या दिवसाची वाट पाहू शकत होता. दौलतरावांकडे धरणे धरून बसलेले शिपाई हे नित्याचे दृश्य होते. तरीही एवढ्याने सारे उलगडत नाही. पैशाची चणचण १७८० मध्येही होती. त्या वेळी नव्हते ते कंपू, आणि होते ते नानांचे पत्र, जे श्रीरंगपट्टणास, हैदराबादेस आणि नागपुरास एकाच आठवड्यात पोहोचत असे आणि वाचले जात असे.

राहिले यशवंतराव. १८०३ मध्ये ते दूर राहिले, हा दोष इतिहासाने त्यांच्या पदरी घातला आहे आणि तो काढता येणार नाही. १८०४ मध्ये ते एकटे उठले. इंग्रजांस फितूर होतील या संशयाने त्यांनी विकर्स, डॉड आणि रायन या आपल्याच तिघा अधिकाऱ्यांचा शिरच्छेद केला; कृत्य क्रूर होते, पण अलीगडचा अनुभव ताजा होता. जुलैत मुकुंदऱ्याच्या घाटातून माघार घेणाऱ्या कर्नल मॉन्सनचा त्यांच्या स्वारांनी पावसात, चिखलात, तोफा टाकावयास लावीत आग्र्यापर्यंत पाठलाग केला. नोव्हेंबरात डीगला त्यांचे पायदळ हरले. मग भरतपूरच्या जाट राजा रणजितसिंहाने त्यांस आश्रय दिला आणि जानेवारी-फेब्रुवारी १८०५ मध्ये त्या मातीच्या तटावर लेकने चार हल्ले केले. चारही फसले; तीन हजारांवर माणसे गमावून त्याला शेवटी राजाशी तह करावा लागला.

एप्रिल १८०५ मध्ये सबळगडास यशवंतराव आणि दौलतराव भेटले. इंदूर आणि उज्जैन यांच्यानंतर, इतक्या रक्तपातानंतर, दोघांच्या छावण्या शेजारी लागल्या. दोघांपाशीही पूर्वीची शक्ती उरली नव्हती. आग्र्याचा कारखाना गेला होता, कंपू मोडले होते, दुआबाचे महाल गेले होते, आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर १८०४ च्या आरंभापासून इंग्रजांचे निशाण होते. पण विलायतेत कंपनीचे संचालक कर्जाने आणि भरतपूरच्या बातम्यांनी हैराण झाले होते. लॉर्ड वेलस्लीच्या जागी म्हातारा कॉर्नवॉलिस आला. शिंद्यांस होळकरांपासून कसेही करून अलग करावयाचे आणि त्यासाठी ग्वाल्हेर द्यावे लागले तरी देऊन टाकावयाचे, असे त्याने ठरविले. ऑक्टोबरात तो गाझीपूरला वारला, पण त्याचा उत्तराधिकारी बार्लो याने तेच धोरण चालविले. २२ नोव्हेंबर १८०५ च्या तहाने ग्वाल्हेर आणि गोहद शिंद्यांस परत मिळाले व चंबळ ही सीमा ठरली. तहात मैत्रीखातर दिले असे शब्द आहेत. दौलतरावांनी यशवंतरावांस सोडले ते याच सुमारास; होळकर पंजाबात गेले आणि बियासच्या काठी २४ डिसेंबर रोजी त्यांनाही तह करावा लागला.

किल्ला असा परत आला. चार-पाच वर्षांनी त्याच्या पायथ्याशी राहुट्या पडल्या, आणि त्यांत आमचे पूर्वजही होते.